समोरच्या खुर्चीचा चहा

माझ्या साडूभाऊंइतक्या अगत्यानं हरणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. रावेरकडे केळीची शेती. बागेतून आले, जेवले, की दुपारी ओट्यावर बुद्धिबळ, तेही मोबाईलवर, कुठल्यातरी मुलखातल्या अनोळखी माणसाशी! इथवर ठीक. पण मोबाईल तांब्याला टेकवून हे गृहस्थ शेजारी खरा लाकडी पट मांडत, समोर रिकामी खुर्ची ठेवत आणि आत हाक देत, "दोन चहा टाक वं!" माझी थोरली मेहुणी, आमच्या अक्का, मुकाट्यानं दोन कप आणत. मोबाईलवर समोरच्याची चाल आली की साडूभाऊ डाव्या हातानं पटावर त्याची सोंगटी हलवत, "वा!" म्हणत, मग उजव्या हातानं आपली, मग चष्मा पुसून मोबाईलवर. तोवर वेळ संपलेली असे.

"अहो, आधी मोबाईलवर चाला की," मी एकदा म्हटलं.

"अन् समोर बसलेल्याला ताटकळत ठेवू?"

या साऱ्याचं मूळ लेकीच्या लग्नात होतं. तिचे सासरे धुळ्याचे, बुद्धिबळात नावाजलेले. भर पंगतीत म्हणाले, "मोबाईलवर कोणीही खेळतो हो. समोर बसाल तेव्हा पाहू." लोक हसले. साडूभाऊंच्या ते फार जिव्हारी लागलं. लेकीच्या सासरी आपली मान खाली नको, म्हणून हा सगळा सराव.

शेवटी धुळ्याला स्पर्धा लागली. लेकीसाठी केळ्यांच्या फण्या घेऊन आम्ही एसटीनं निघालो. नशीब पाहा, पहिलाच डाव व्याह्यांशी! पण सवय कुठली जाते? व्याह्यांनी घोड्याकडे हात नेला आणि साडूभाऊंनी डाव्या हातानं तो घोडा आधीच उचलून पुढे ठेवला. वर म्हणाले, "वा!" हॉलभर हशा पिकला. पंचांनी समज दिली. थोड्या वेळानं त्यांनी व्याह्यांचा उंटही हलवला, तेव्हा डावच रद्द झाला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साडूभाऊ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले होते.

"लेकीकडे जाऊ या ना?" मी विचारलं.

"कोणतं तोंड घेऊन जाऊ, भाऊ?"

केळी तशीच परत आली. ओट्यावरची खुर्ची आत गेली, पट माळ्यावर गेला. लेकीचा फोन आला की हे बागेत निघून जात. मी गेलो तरी माझ्याकडे बघून बोलत नसत. इतकं ओशाळलेलं माणूस बघवत नाही हो.

मग एका दुपारी मी तिथंच असताना मोबाईल वाजला. डावाचं आमंत्रण होतं, व्याह्यांकडून. साडूभाऊंनी मोबाईल उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग अक्कांनीच पट काढला, खुर्ची मांडली, दोन कप आणून ठेवले. व्याह्यांची पहिली चाल आली. साडूभाऊंचा डावा हात पुढे गेला आणि मध्येच थबकला. त्यांनी अक्कांचा फोन घेतला, धुळ्याला लावला आणि खालच्या आवाजात विचारलं, "व्याही, तुमचं प्यादं हलवू का?"

 पलीकडून व्याही अस्सल अहिराणीत म्हणाले, "हलवा, भाऊ. बठ्ठा पट तुमनाच शे." सगळा पटच देऊन टाकला की त्यांनी!

साडूभाऊंनी डाव्या हातानं हळूच प्यादं पुढे सरकवलं. डोळे पुसले आणि अक्कांना म्हणाले, "व्याह्यांच्या चहावर बशी झाक वं, निवून राह्यला."