खाणीतलं गोड पाणी

तुरटी दिसली की तुमसरजवळच्या मँगनीज खाणीवरचा, आणीबाणीनंतरचा तो उन्हाळा आठवतो. विहिरी आटल्या, तेव्हा बुडून बंद पडलेल्या खाणीतलं पाणी उपसून, तुरटी फिरवून, रेतीतून गाळून आमच्या चाळीच्या नळाला सोडलं. आम्ही बाया घागरी घेऊन धावलो. शेजारीण मात्र नळापाशी थिजली. आदल्या पावसाळ्यात तिचा नवरा त्याच खाणीत बुडाला होता आणि त्याची लाश सापडलीच नव्हती. "पाणी साफ हाये वो बाई, भर," माझी सासू म्हणाली. "त्या पाण्यात माहा माणूस हाये, काकी. कशी पिऊ मी?" सासूनं आपली भरली घागर उपडी केली आणि तिच्यासोबत नदीची वाट धरली. माझं पोर तहानेनं रडत होतं. मी त्याला तेच पाणी पाजलं, स्वतःही प्याले. पाणी गोड होतं. ती गोडी अजून जिभेवरून जात नाही.