बिराजदार सरांचा पाच शेजाऱ्यांचा कार्बन

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये बिराजदार सर खडू हातात घेण्याआधी पोरं उभी करायचे. दोघं समोरासमोर, ते ॲल्युमिनियम. मध्ये दोघं कार्बन, दोन्हीकडच्या खांद्यांवर एकेक हात टाकून, आणि प्रत्येकाच्या पाठीशी आणखी तिघं. "ॲल्युमिनियम लई गरजवंत," सर म्हणायचे, "तीन सोबती असून दोन इलेक्ट्रॉन कमीच. मग दोन रेणू एकमेकाला धरून राहतेत." हे ट्रायइथिल ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची भुकटी, हायड्रोजन आणि इथिलीन दाबाखाली तापवून बनणारं, हवा लागताच पेटणारं. त्याच्याच मदतीने इथिलीनच्या लांब साखळ्या होतात आणि आपली प्लॅस्टिकची बादली तयार होते. मी थक्क होऊन ऐकत राहायचे.

भूकंपात औशाकडचं आमचं घर पडलं, आई गेली. मामाने मला क्लासला घातलं. तिथे रविवारच्या परीक्षेच्या गुणांवर बाक ठरायचा, आणि तीनदा शेवटचा बाक आला की बॅचमधून नाव जायचं. माझं दोनदा झालं होतं. तिसऱ्या रविवारी प्रश्न आला: या जोडरेणूत मधल्या कार्बनला किती अणू जोडलेले असतात? मला मधली पोरं आठवली, दोन हात आणि पाठीशी तिघं. मी पाच लिहिलं. उत्तरसूचीत चार होतं, पहिल्या बाकांनीही चारच लिहिलं होतं. एका गुणाने माझं नाव गेलं.

भीत भीत मी सरांकडे गेले. त्यांनी बोटांवर मोजलं. दोन ॲल्युमिनियम, दोन हायड्रोजन, एक कार्बन. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "उत्तरसूची मीच बनवली. कार्बनला चार, हे हाताला वळण पडलंय. चूक माझी हाय. सुमनचं बरोबर."

एवढा मोठा माणूस आपली चूक अशी सरळ सांगतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

क्लासचे संचालक म्हणाले, बाकांची यादी लागली आहे, पहिल्या बाकांचे पालक चिडतील, राहू द्या. सर म्हणाले, "यादी बदलत न्हाई, तर मी बी शिकवत न्हाई." यादी बदलली. वर्ष संपल्यावर मात्र क्लासने सरांना पुन्हा बोलावलं नाही. ते बिलोलीच्या एका शाळेत गेले.

आज मी प्लॅस्टिकच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. नायट्रोजनने भरलेल्या काचेच्या पेटीत ट्रायइथिल ॲल्युमिनियमचा तो द्रव पहिल्यांदा पाहिला, त्या दिवशी सरांना फोन केला.

"कसा दिसतो गं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं, सरांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"पाण्यासारखा, सर. अगदी साधा."

सर म्हणाले, "माझ्या वाट्याचं बी एकदा बघून घे, पोरी."