घर बघायला आलेल्या वनजाक्का

आता कसं सांगू तुम्हाला? नोकरी माणसाला निवृत्त करते, पण सवयींना मुदतवाढ देते. त्या सवयींपायी मी बायकोचं पिल्लू घालवायच्या बेतात होतो!

आमचा म्हातारा लॅब्रेडॉर बंड्या गेला आणि बायकोचं, मंगलचं, बोलणंच आटलं. शेवटी मीच म्हटलं, नवं पिल्लू आणू. बोम्मसंद्र्याचा एक विक्रेता थेट पेट्रोल पंपावर पिल्लू आणून द्यायला तयार होता. प्रश्न नाही, अट नाही! मला माणूस फार आवडला.

"पिल्लाची आई दाखवतो का?" मंगलनं विचारलं.

नव्हता दाखवत.

"मग नको."

राजाजीनगरला घरीच पिल्लं वाढवून देणाऱ्या वनजाक्कांनी आई दाखवली, तिच्या तपासण्यांचे कागद दाखवले, आणि मग मलाच धारेवर धरलं. घरी कोण असतं? फिरवणार कोण? गावाला गेलात तर? वर आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "सरी अण्णा, ठीक आहे, रविवारी घर बघायला येते. मग ठरवू."

घर बघायला! म्हणजे इन्स्पेक्शन! अहो, यात तर माझी हयात गेली. साहेब येणार म्हटलं की आमच्या कचेरीत ठरलेलं: नको ते माळ्यावर टाकायचं, आणि विचारतील त्याला शक्यतो 'नाही' म्हणायचं.

रविवारी मंगल देवळात गेली तशी मी बंड्याची गोधडी, साखळी, चावलेला चेंडू, सगळं माळ्यावर टाकलं. फरशी इतकी घासली की माझाच पाय घसरला. टीपॉयवर काचेची फुलदाणी मांडली. शेजारच्या पोरांना 'आज इकडे फिरकायचं नाही' असा तोंडी आदेश काढला.

मंगल परतली आणि तिच्या पाठोपाठ वनजाक्का. त्यांनी घरभर नजर फिरवली.

"अण्णा, इथं पिल्लू बसणार कुठं?"

"बसवू कुठंही!"

"आधी कुत्रं पाळलंय?"

मेलेलं कुत्रं आपल्या नावावर कशाला दाखवा? म्हटलं, "नाही."

मंगलनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही?" एवढंच म्हणाली. माझी कार्यपद्धती तिला ठाऊक. ती सरळ आत गेली, स्टुलावर चढली आणि माळ्यावरून गोधडी काढून घेऊन आली. गोधडीला अजून बंड्याचे केस चिकटलेले होते. ती मांडीवर घेऊन मंगल जमिनीवरच बसली.

वनजाक्का खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली बसल्या. हळूहळू दोघी बंड्याबद्दल बोलू लागल्या. मी कॉफी करायला गेलो. निलंबित माणसाला दुसरं काय काम?

कॉफी घेऊन आलो तेव्हा वनजाक्का दबक्या आवाजात म्हणत होत्या, "पिल्लू तुम्हाला देते, अक्का. पण अण्णांची स्वल्प काळजी वाटते. स्वभावानं कसे आहेत?"

मंगल कितीतरी दिवसांनी हसली.

"भुंकतात," ती म्हणाली, "पण चावत नाहीत."

अख्ख्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालावर इतका चांगला शेरा पडला नव्हता.