चौथा खाडा

कॉलेजात तिला सगळे खाडेबाई म्हणत. नव्या मुलांना ते तिचं आडनावच वाटायचं. अर्धं सत्र उलटल्यावर कुणीतरी सांगायचं, अरे, बाईंचं आडनाव वेगळंच आहे, हे नाव त्यांच्या नियमावरून पडलंय. तीन खाडे माफ, चौथ्याला नापास.

पहिल्या वर्षाला लेखनाचा विषय सगळ्यांना सक्तीचा होता, आणि तो शिकवणारी ती एकटीच. पहिल्या तासाला ती एक छापील पान वाटायची आणि ते मोठ्याने वाचून दाखवायची. निबंध मुदतीत आला पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी घेतला जाणार नाही. आधी कच्चा खर्डा दाखवायचा, त्याशिवाय पक्का निबंध तपासला जाणार नाही. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवलं तर शून्य. आणि मग हजेरी. तिथे ती जरा थांबायची, चष्म्यावरून वर्गाकडे बघायची आणि म्हणायची, "कारणं मला सांगू नका. कारणं सगळ्यांचीच खरी असतात."

ते पान तिनेच लिहिलं होतं. नोकरीला लागून दुसरं वर्ष होतं. तोवर मुलांनी तिला पार गुंडाळून ठेवलं होतं. एका मुलाची आजी एकाच सत्रात दोनदा वारली होती, आणि दोन्ही वेळा बाईंचे डोळे भरून आले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यावर हसून हसून पुरेवाट झाली. मग विभागप्रमुख म्हणाले, मॅडम, काहीतरी लिहून काढा, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही आणि आम्हालाही. तिने एका बैठकीत लिहून काढलं. त्या रात्री तिला फार शांत झोप लागली होती.

मधल्या वर्षांत नियम अंगवळणी पडला. एकदाच काय ते मनाला लागलं होतं. वर्गात एक टॅक्सीवाला होता, कानशिलं पिकलेली, मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये बसून शिकणारा. त्याचा चौथा खाडा पडला तेव्हा तो दारात उभा राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग तिने सांगून ठेवलेलं आठवलं असावं. "येतो बाई," म्हणाला आणि गेला, तो परत दिसला नाही.

आणि मग तिच्याच नणंदेने कॉलेजात नाव घातलं.

नणंद पस्तिशीची. वडील गेले तेव्हा तिचं शिक्षण सुटलं, पुढे लग्न झालं ते टिकलं नाही, आणि ती माहेरी आली ती राहिलीच. घरात तिचा आवाज कधी चढत नसे. एक दिवस जेवताना तिने सांगितलं, "मी फॉर्म भरून आले." भावाने भाकरीचा घास हातात धरून विचारलं, "कसला?" एवढीच त्या गोष्टीची चर्चा झाली.

प्रमुखांनी बाईंना बोलावून सांगितलं, "नात्यातलं माणूस वर्गात आहे, माझी हरकत नाही. पण उद्या कुणी बोट दाखवता कामा नये." ती म्हणाली, "नाही दाखवणार." वर्गात नणंद तिला बाई म्हणायची, घरी वहिनी, आणि कुठेही चुकायची नाही. खर्डा वेळेवर, निबंध वेळेवर. तिची वाक्यं छोटी असायची, पण तिच्या निबंधाचं पान समोर आलं की बाईंचा पेन हळू चालायचा.

सत्र सुरू होऊन थोडेच दिवस झाले आणि सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाणीसुद्धा चमच्याने, मान धरून पाजावं लागे, नाहीतर ठसका लागायचा. इस्पितळाच्या त्या दिवसांत बाईंच्या सगळ्या रजा संपल्या. नोकरी कंत्राटी, दर वर्षी नवा कागद. प्रमुखांनी अगदी सौम्यपणे सांगितलं, "यापुढे एक तास जरी बुडाला ना मॅडम, तरी तुमचा कागद वर पाठवणं माझ्या हातात राहणार नाही."

घरी सासूबाईंजवळ बसायला एक मावशी ठेवल्या. मावशी मायाळू होत्या, पण त्यांच्या मागे स्वतःचा गाडा होता. यायच्या तेव्हा यायच्या. नवरा छापखान्यात दुपारपाळीला. तो बाराच्या आत घर सोडायचा आणि लेखनाचा तास तीनला. मावशी आल्या नाहीत की दोघींपैकी एकीला घरी थांबणं भाग होतं. पहिल्यांदा नणंद म्हणाली, "तुम्ही जा वहिनी, मी आहे." दुसऱ्यांदाही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा काही म्हणाली नाही, नुसती खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली.

चौथ्यांदा मावशींचा निरोप आला तेव्हा दोघी दारात चपला घालून उभ्या होत्या. आत सासूबाईंच्या घशातून घरघर ऐकू येत होती.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. नणंदेने बाईंकडे पाहिलं.

खरं तर वाट सरळ होती, आणि ती दोघींनाही दिसत होती. बाई घरी राहिल्या तर तासच होणार नाही, आणि जो तास झालाच नाही त्याचा खाडा कुणाला पडणार? नणंदेचं वर्ष वाचलं असतं. फक्त ते वाचवायला बाईंना आपली नोकरी दारात ठेवावी लागली असती. नणंद ते तोंडाने म्हणाली नाही. ती थांबली मात्र, दाराला हात टेकवून, जरा जास्तच वेळ.

"आज निबंध परत द्यायचेत सगळ्यांना," बाई म्हणाल्या. आपल्या आवाजाची त्यांना लाज वाटली.

"हो ना," नणंद म्हणाली आणि चपला काढल्या.

वर्गात हजेरी घेताना ते नाव जवळ येऊ लागलं तशा बाई सावकाश वाचू लागल्या. नाव घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने उगाच मागे वळून पाहिलं. बाईंना वाटलं, पुढचं नाव घ्यावं, फुली राहून गेली असं म्हणावं. पण समोर चाळीस जोडी डोळे, आणि या घरगुती नात्याची बातमी सगळ्या कॉलेजला होती. त्यांनी फुली मारली. त्या तासाला काय शिकवलं, ते नंतर त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी त्या प्रमुखांकडे गेल्या. प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला.

"सर, घरी आजारी माणूस आहे. अशा वेळी सवलत द्यायला हवी."

"द्या की. नियम तुमचाच आहे." त्यांनी कपात बघत विचारलं, "फक्त आजवर याच कारणाने किती जणांना घरी पाठवलंत, ते आठवा. त्यातला एखादा दारात येऊन उभा राहिला तर काय सांगाल?"

बाईंना पिकलेली कानशिलं आठवली. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि जे धरून बसलो ते आपणच पाळलेलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी नणंदेला सांगितलं. भाजी चिरता चिरता नणंद म्हणाली, "माझ्यासाठी शब्द टाकायला जायला नको होतं तुम्ही. मी पुढच्या वर्षी परत बसेन."

"रागावलात का वन्सं?"

नणंदेने विळी बाजूला सारली. "तुमच्यावर रागावून काय करू? तुमची नोकरी गेली तर हे घर कशावर चालेल, ते मला कळत नाही का?" मग चिरलेली भाजी ताटात ओढत म्हणाली, "पण त्या दिवशी तुम्ही नुसतं विचारलं असतं ना, काय करू म्हणून, तरी मी जा म्हटलं असतं. तुम्ही विचारलं नाही."

बाईंनी भाजी फोडणीला टाकली आणि धुराच्या निमित्ताने डोळे पुसले.

त्या वर्षी नणंद नापास झाली. पुढच्या वर्षी त्याच वर्गात, नव्या मुलांत, तिने पुन्हा तेच पान ऐकलं. त्याआधी बाईंनी आपला नियम रीतसर बदलावा म्हणून कॉलेजच्या समितीला लिहिलं होतं. समितीने खूप विचार केला आणि एक ओळ वाढवली, की पुरावा असेल तर चौथा खाडा माफ. इस्पितळात असल्याचा पुरावा मिळतो. घरी आईला चमच्याने पाणी पाजत बसल्याचा कोण देणार?

सत्र सुरू झालं आणि मावशी पहिल्याच आठवड्यात पाय घसरून पडल्या, येईनाशा झाल्या. त्या रात्री नणंद भावाच्या पानासमोर बसली. इतकी वर्षं ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत आली होती.

"दादा, तू सकाळपाळी माग. दोनला घरी येशील. आई तुझीही आहे."

"पाळी अशी मागून मिळते होय?"

"मागून तर बघ."

तो कुरकुरला. सकाळपाळीला जुनी माणसं असतात, फोरमन ऐकायचा नाही. पण बहीण उठेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. फोरमन म्हणाला, ये की, एकाला दुपारपाळी हवीच होती.

हे त्याने घरी येऊन हसत हसत सांगितलं. बाई मात्र सुन्न झाल्या. गेलं वर्षभर दोघी बायका एकमेकींच्या आड येत होत्या, कोण जाणार आणि कोण राहणार याचा हिशोब मांडत. त्या हिशोबात तिसरं माणूस धरायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्यालाही नाही. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो जेवत होता, आणखी आमटी मागत होता.

नणंद त्या वर्षी पास झाली. मार्क बेताचे. एका निबंधाचे बाईंनी चार मार्क कापले होते, शेवटचा परिच्छेद सैल आहे म्हणून. आईला कुशीवर वळवताना एका बाजूने बाईंनी खांदा धरला होता, दुसऱ्या बाजूने नणंदेने कंबर, आणि नणंद म्हणत होती, "सैल नाहीये तो, वहिनी. मला तो तसाच हवा होता."

"मग तसं वाचणाऱ्याला कळायला हवं."

"तुम्ही घाईत वाचला असेल."

"वन्सं, उशी द्या आधी."

नणंदेने उशी सरकवली, पाठीमागे नीट ठोकून बसवली, आणि परिच्छेदाचं पहिलं वाक्य तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली.