कोऱ्या पानांचा गठ्ठा

अमेरिकेतल्या टोलीडोच्या काचकारखान्यात थेल्मा क्रायेव्स्की दिवसभर बरण्या खोक्यांत भरायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. तिथल्या बायका तिला घुमी म्हणत. म्हणोत बापड्या! मंगळावर माणूस श्वास कसा घेईल, यावर त्यांच्याशी काय डोंबल बोलणार? थेल्मा बोलायची ती टपालाने. देशभर विखुरलेले तेवीस विज्ञानकथावेडे दर तीन महिन्यांनी आपापलं पान सायक्लोस्टाइलवर छापून त्याच्या चोवीस प्रती तिच्याकडे धाडत. ती त्यात स्वतःचं पान घालून स्वयंपाकघरातल्या टेबलावर चोवीस गठ्ठे टाचायची आणि ज्याचा त्याला पाठवायची. नवरा कॅझ गेला, तरी सतरा वर्षांत एकही गठ्ठा चुकला नव्हता. तिला सोबत होती ती एवढीच.

कॅझने एक रिवाज घालून दिला होता. कुणाचं पान आलं नाही, तर त्याच्या जागी कोरा पिवळा कागद लावायचा, वर फक्त नाव. तुझी जागा धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अडुसष्ट सालच्या वसंतात व्हिएतनामचं युद्ध या गठ्ठ्यातही शिरलं. या वेळी गठ्ठा टाचण्याआधीच काहींनी आपली पानं परस्पर एकमेकांनाही धाडली होती. पहिला फोन ऑर्व्हिल स्टॅमचा. रॉकेटं, यंत्रं आणि शूर कप्तान यांच्यापलीकडे विज्ञानकथा नाहीच, असं मानणारा हा जुना गडी.

"थेल्मा, त्या लॉरेलचं पान वाचलंस? आपल्या पोरांना खुनी म्हणते! फेकून दे ते."

"मी टाचते, ऑर्व्हिल. निवडत बसत नाही."

"अगं, तुझा रेमंड तिथे लढतोय! आई आहेस की कोण?"

थेल्माने फोन आपटला. ते पान वाचून दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, हे ऑर्व्हिलला कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी खुद्द लॉरेल प्रुइटचा फोन. कॉलेजात शिकणारी, जिभेला धार असलेली.

"थेल्मा, बायकांनी विज्ञानकथा नासवली, असं त्या म्हाताऱ्याने लिहिलंय. आणि तुम्ही ते टाचणार?"

"तुझंही टाचणार आहे की."

"म्हणजे तुम्ही धड कुणाच्याच बाजूच्या नाही!"

"बरोबर ओळखलंस."

आठवड्याभरात पत्रं आली. अकरा जण ऑर्व्हिलच्या बाजूचे, बारा लॉरेलच्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, आमची पानं परत करा. लेखकाने मागितलं तर पान परत द्यायचं, हा नियमच होता. तिने सगळी पानं परत केली. दोन्ही बाजू आता वेगवेगळे गठ्ठे काढणार होत्या. आणि निर्लज्जपणा असा की दोन्हीकडून तिला आमंत्रण आलं होतं. कशाला? तर टाचायला!

शनिवारी सकाळी थेल्मा रागाने लाल होऊन टाइपरायटरसमोर बसली. तिने लिहिलं:

"माझा मुलगा युद्धावर आहे. लॉरेल, तुझं पान मला झोंबलं. तरी मी ते टाचलं असतं. ऑर्व्हिल, माझ्या पोराची काठी करून दुसऱ्याला हाणायचं नाही, समजलास? परग्रहावरच्या आठ पायांच्या प्राण्याशी मैत्री करायच्या गोष्टी लिहिता, आणि इथे एकमेकांच्या शेजारी पान लागलं की बाटता होय रे? काढा खुशाल वेगळे गठ्ठे. मी कुणाकडेही टाचायला येणार नाही. माझ्या टेबलावरची तुमची जागाही मोडणार नाही."

मग तिने पिवळे कागद काढले. प्रत्येक गठ्ठ्यात एक पान तिचं आणि तेवीस कोरी. ऑर्व्हिल आणि लॉरेल यांचे कागद तिने मुद्दाम शेजारी लावले. टपाल कचेरीतल्या माणसाने उघड्या गठ्ठ्यातली कोरी पानं पाहून विचारलं, "या वेळी सगळे आजारी का?"

"हो," थेल्मा म्हणाली, "डोक्याने."

जूनमध्ये ऑर्व्हिलचं पाकीट आलं. आत तोच पिवळा कागद, पेन्सिलीने कडेपर्यंत भरलेला. हेकट, अडेलतट्टू, दीडशहाणी, काही म्हणून सोडलं नव्हतं. अगदी खाली बारीक अक्षरात, "रेमंडचं पत्र येतं का?" तीन दिवसांनी लॉरेलचा कागद आला. त्यात नुसत्या शिव्याच होत्या.

चोवीस प्रती दोघांनीही पाठवल्या नव्हत्या. त्या काढायला थेल्माने टाइपरायटरवर स्टेन्सिल, म्हणजे सायक्लोस्टाइलचा मेणकागद, चढवलं आणि स्वतःला मिळालेल्या सगळ्या शिव्या शब्दन् शब्द टाइप केल्या. मग उरलेल्या एकवीस जणांसाठी पिवळे कागद काढून त्यांच्यावर नावं घालायला बसली.