एका हिवाळ्याचं पाखरू

ग्वान म्हाताऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तो दिवसच चुकीचा होता, असं त्याची बायको युनशिया उघड म्हणायची. महिनाभर आधी आला असता तर पाखरू पकडलंच गेलं नसतं. महिनाभर नंतर आला असता तर पाखरू शिकून तयार झालं असतं. आला तो नेमका मधे.

पाखरू म्हणजे ससाण्याची मादी. यंदाचीच, कोवळी, छातीवर तपकिरी रेघा. सशाच्या शिकारीला मादीच लागते, नर अंगानं पुरा पडत नाही. मक्याची कापणी उरकल्यावर ग्वाननं ती गावामागच्या टेकडीवर जाळ्यात धरली. मग सात रात्री तिला झोपू न देता हातावर घेऊन बसणं झालं, निम्म्या रात्री त्याच्या आणि निम्म्या युनशियाच्या. अकराव्या दिवशी तो अंगणात तिला हातावर नाचवत होता आणि उभ्या उभ्या खाली बसला. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, पण पाखरू बसलेला डावा हात त्यानं तेवढा हळूच खाली टेकवला. युनशिया धावली. तिनं आधी पाखरू उचलून दांडीवर ठेवलं आणि मग नवऱ्याकडे वळली. हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही.

चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय! एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवरीच्या खोलीत आधीच एक जण दांडीवर बसलेला होता आणि तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. तेव्हापासून दर शरदात एक नवं पाखरू. हिवाळाभर शिकार करायची आणि वसंतात, बर्फ वितळला की, पोटभर चारून पायातल्या वाद्या कापून सोडून द्यायचं. या गावात ससाणे बाळगणारे सगळेच हे पाळतात: पाखराकडून एकच हिवाळा घ्यायचा. युनशियाकडून किती हिवाळे घ्यायचे, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. तिनं त्या घरात विहिरीवरचा बर्फ फोडला, लाकडं वाहिली, झोपायच्या ओट्याखालची चूल पेटती ठेवली, आणि भिंतीवरची पाखरांची पांढरी शीट खरवडली. तिचा जीव आता मेटाकुटीला आला होता.

म्हणून लेकाचं पत्र आलं तेव्हा ती ते कोटाआड घेऊन गोठ्यात रडली. शुबिन छांगछुन शहरात मोटारींच्या कारखान्यात होता. त्याला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. आत नळ, आणि भिंतीतल्या नळ्यांतून आपोआप येणारी ऊब. 'कारखान्याचा ट्रक येत्या वीस तारखेला तिकडून जाणार आहे. बाबांना गादीसकट घालून आणता येईल. घर बंद करा आणि या,' असं त्यानं लिहिलं होतं.

तिनं पत्र वाचून दाखवलं तेव्हा ग्वान छताकडे बघत होता. झटक्यानंतर त्याच्या तोंडून एकच शब्द धड निघायचा, तो त्यानं काढला.

"नको."

"तुला विचारलं नाही मी," युनशिया म्हणाली. "सांगितलं."

अडचण होती ती दांडीवरच्या बाईसाहेबांची. युनशिया तिला बाईसाहेबच म्हणायची. तिला सोडून द्यावं तर आठवड्याभरात मेली असती. शिकवण्यासाठी उपाशी ठेवून ठेवून तिच्या अंगावरची सगळी चरबी उतरवलेली, आणि बाहेर बर्फ. बरोबर न्यावं तर चौथ्या मजल्यावर? शेजारच्या तोंगला विचारलं. तोंग ग्वानहून दहा वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली शिकलेला.

"घेतो की वहिनी," तोंग म्हणाला. "हिवाळाभर उडवतो, वसंतात सोडतो. पण अर्धवट घेणार नाही. दुसऱ्याच्या हातून अर्धवट आलेलं पाखरू धड ना रानाचं राहतं, ना घराचं. दोरीशिवाय हाकेला येऊ दे, त्या दिवशी माझी."

"आणि ते करायचं कुणी?"

"दादा तर अंथरुणाला खिळलाय," तोंग तिच्याकडे न बघता म्हणाला.

तर ते युनशियानंच करायचं ठरलं. वीस तारखेला सोळा दिवस होते.

पहिले तीन दिवस पाखरू तिच्या हातावर आलंच नाही. मग तिनं ग्वानचा मेंढीच्या कातड्याचा कोट चढवला, त्याची कानटोपी घातली आणि त्याच्यासारखी घशातून खरखरीत हाक दिली. पाखरू टुणकन आलं. कुंपणापलीकडून जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

"ग्वानदादा, आज बरा दिसतोस की," एक जण म्हणाला.

"बरा आहे," युनशिया म्हणाली. "ये आत, तुझ्याच बोटाचा तुकडा घालते हिला."

खिडकीतून ग्वान बघत होता. अंगणात आपणच चालतोय हे बघून त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसली, आणि मग त्यानं मान फिरवली.

काम ती नेटानं करत होती. सकाळी आणि दुपारी अंगणात, लांब दोरी बांधून, रोज दहा पावलं वाढवत. मांसाचे तुकडे मोजून, पाण्यात धुऊन, रंग उडेपर्यंत पिळून. संध्याकाळी मांसात गुंडाळून तागाच्या तंतूंची एक गोळी. पाखरू ती गिळतं आणि सकाळी ओकून टाकतं, आतली चरबी घेऊन. गोळी तेलकट निघाली तर पाखरू अजून माजलेलं, कोरडी निघाली तर भुकेलं, म्हणजे तयार. हे सगळं तिला ग्वाननं कधी शिकवलं नव्हतं. पण चाळीस वर्षं एका खोलीत राहून काय शिकायचं राहतं?

एवढं करून नवव्या दिवशी पाखरू बिघडलं. हाक मारली की मान वळवायचं, पिसं साफ करत बसायचं. दहाव्या दिवशीही तेच. अकराव्या दिवशी युनशियानं तोंगला बोलावलं. त्यानं पाखराच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वहिनी, ही उपाशी नाही. हाड लागतच नाही हाताला. तुला दया येतेय."

"दया? मला?" युनशियाचा आवाज चढला. "तिला मी एवढासा तुकडा जास्त दिला असेल तर माझे हात झडोत. माझ्या स्वतःच्या पोटात काल रात्रीपासून मक्याची पेज आहे, ती दिसत नाही कुणाला."

"मग हिला कोण चारतंय? उंदीर?" असं म्हणून तोंग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीखाली गोळी पडली होती. तेलकट. तिनं ती उजेडात नेऊन बोटांनी उकलली. तंतूंना एक लाल पापुद्रा चिकटला होता. तो तिनं ओळखला. लाल बोराचं साल होतं ते. ससाण्याला कुणी बोरं घालत नाही. घरात बोरं एकाच भांड्यात पडत होती. डॉक्टर म्हणाले होते अंगात रक्त भरलं पाहिजे, म्हणून ती एक दिवसाआड एक कोंबडी मारून बोरांबरोबर शिजवायची आणि वाडगा ग्वानच्या उशाशी ठेवून पाण्याला जायची. त्याचा डावा हात चालत होता. दांडी त्या हाताच्या टप्प्यात होती.

ती ते साल बोटावर घेऊन आत आली आणि ग्वानच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

ग्वान छताकडे बघायला लागला.

"माझ्या पाच कोंबड्या गेल्या. अंडी देणाऱ्या. त्या मी तुझ्यासाठी मारल्या की या बाईसाठी?" ती धपकन ओट्यावर बसली. "जन्मभर मला बोललास. एकदा पोरासाठी ठेवलेली कोंबडीची कातडी एका पाखराला घातली तर आठवडाभर अबोला धरलास. पोट भरलेलं पाखरू परत येत नाही म्हणून. हे तुला माहीत नाही होय?"

त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर करत होता. पाखरू तयार झालं नाही तर तोंग नेणार नाही. तोंगनं नेलं नाही तर घर बंद होणार नाही. अर्धं अंग गेलेल्या माणसाच्या हातात एवढंच होतं आणि तेवढं त्यानं बरोबर वापरलं. युनशियाला हे सगळं एका क्षणात उमगलं आणि राग यायच्याऐवजी तिला नुसता थकवा आला.

"चौथा," ग्वान म्हणाला. शब्द तोंडात लोळत होता. "मजला. नको."

"मला हवाय," युनशिया म्हणाली. "ऐक. मला नळ हवाय. सकाळी उठून कुणाची शीट खरवडायची नाही, अशी एक सकाळ हवी. तुला कूस बदलायला दुसऱ्या बाजूनं धरणारं कुणीतरी हवं. माझे खांदे गेले रे म्हाताऱ्या. तू इथे मरशील सुखानं, पण तुझ्याआधी मी मरेन."

त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. दुसऱ्यातून तर नेहमीच येत होतं.

त्यानंतर ती वाडगा ठेवून गेली नाही. समोर बसून एकेक घास त्याच्या तोंडात घालायची, गिळलेलं बघायची, मग पाण्याला जायची. त्यानं ओठ आवळले तर चमचा धरून तशीच थांबायची. दांडी तिनं दाराजवळ हलवली. चार दिवसांत गोळी कोरडी निघायला लागली.

एकोणीस तारखेला तोंग पाखरू हातावर घेऊन मक्याच्या शेतात उभा राहिला. पाखराच्या दोन्ही पायांमधली आखूड दोरी त्यानं तपासली. ती नसली तर पळता ससा एखाद्या वेळी पाखराला उभं चिरतो. मग लांब दोरी सोडली. युनशिया कोट-टोपी घालून शंभर पावलं गेली आणि वळून तिनं हाक दिली. पाखरू सुटलं, जमिनीला लागून सरळ तिच्याकडे आलं, आणि निम्म्यावर एकदम तिरकं वळलं. शेपटीचं घुंगरू खालच्या नाल्याकडे गेलं आणि थांबलं.

गेली, असं युनशियाच्या मनात आलं. आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिला बरं वाटलं. मग ती पळाली.

नाल्यात पाखरू सशावर बसलं होतं. एक पंजा डोक्यावर, एक मागच्या पायांवर, चोच उघडी. मोठा ससा होता, अजून झटके देत होता. युनशियानं गुडघ्याखाली दाबून त्याला संपवलं, काळीज काढलं आणि हातमोज्यावर धरलं. शिकार झाकायला पाखरानं सशावर पंख पसरले नाहीत. तिच्या डोळ्यांत बघितलं, मोज्यावर चढलं आणि तिच्या डोळ्यांत बघतच खाल्लं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. याच खुणेची ग्वान दर हिवाळ्यात वाट बघायचा आणि ती दिसली की, पाखराचा हट्ट संपला म्हणून, घरात येऊन एकच शब्द बोलायचा: "मोडली."

"झाली की तयार," मागून येऊन तोंग म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला. "आण वहिनी."

तिनं दिली. घरापर्यंत सशाचे कान धरून चालत आली तरी तिचा दुसरा हात कोपरात वाकलेलाच होता.

ग्वाननं दारात तिला एकटीला बघितलं. मग रिकाम्या दांडीकडे बघितलं. युनशियानं ससा सोलला, बटाटे घालून शिजवला, वाडगा घेऊन त्याच्यासमोर बसली आणि चमचा पुढे केला. ओठ आवळायची तिनं वाट बघितली. त्यानं आपणहून तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि तसंच बघत सगळा घास खाल्ला.

युनशियाचा चमचा वाडग्यात पडला. तो शब्द तिच्या ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. तिला फार वाईट वाटलं. जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं हे ग्वाननं तिला चाळीस पाखरांत एकदाही सांगितलं नव्हतं.

ग्वाननं डावा हात गोधडीतून बाहेर काढला आणि एक बोट वर केलं. ते त्यानं खाली घेतलं नाही.

"एक," तो म्हणाला.

तिला कळायला वेळ लागला नाही.

"हो," ती म्हणाली. "एकच हिवाळा. बर्फ वितळला की येऊ परत. तिच्या वाद्या तूच कापशील. तोंगला सांगते तसं."

बोट वरच होतं.

"अरे, सांगितलं ना! एकच." तिनं ते बोट हातात धरून खाली घेतलं, गोधडीत सारलं आणि चमचा पुन्हा भरला. "खा आता. उद्या ट्रक लवकर येणार आहे."