सज्जा काढला

जुन्या अकोल्यात सुंदराबाईचा पत्ता विचारला, तर घर नंबर कुणी सांगत नसे. "कमळाच्या सज्ज्यापाशी उतरा," एवढंच. रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा आणि खाली आधाराला कमळं कोरलेल्या तुळया. रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याच खुणेवर यायचे.

बाईची भाड्याची एकच खोली, वरच्या मजल्यावर. नवरा देवमन कापसाच्या जिनिंगात कामाला होता. तो गेला, मागोमाग बाईचे गुडघे गेले. जिना इतका उभा की उतरायचं नावच नको. मग राहिला तो सज्जा. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची; खालची फुलवाली शालू तीत भाजी, गोळ्या, काय हवं ते घालायची. आणि जयंतीला बाबासाहेबांची मिरवणूक गल्लीत आली, की सज्ज्याखाली हटकून थांबायची. बाई वरून टोपलीभर फुलं उधळायची. त्या घटकेसाठीच ती वर्षभर जगायची, दुसरं तिला उरलं तरी काय होतं?

फळ्या मात्र कुजल्या होत्या. "एक फळी बदलून दे रे," म्हणून तिनं घरमालकाच्या पोराचा, जीवनचा, जीव खाल्ला होता. मार्चमध्ये तो स्वतःच वर आला.

"काकू, सज्जा काढतो म्हनतो आता. मिस्तरी सांगून ठेवला. तुमची हरकत नाई न?"

आता आपल्याकडे खोली काढली म्हणजे बांधली, माडी काढली म्हणजे चढवली. याच जीवननं मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या होत्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं बाईला झालं.

"काढ न बाप्पा! जयंतीच्या आत काढ मातर," तिनंच घाई लावली.

मिस्तरी आले. कठडा उतरला, कमळं उतरली. बाईनं हौसेनं सगळ्यांना चहा केला. मग सज्ज्याच्या दारात विटा चढू लागल्या, तशी ती दचकली.

"हे काहून बुजवून राहिले रे?"

"उघडं ठेवून कसं जमन काकू? पडसान तुमी खाली."

"अन् नवा सज्जा?"

जीवन तिच्याकडे बघतच राहिला. "नवा? रस्त्यावर नवा काढू देत नाई आता कोनी. जुना पडला असता एखाद्याच्या डोक्यावर. मी इचारलं न तुमाले? तुमीच म्हनलं, काढ."

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. भांडायचं कुणाशी? हात दाखवून अवलक्षण झालं होतं. भिंतीत हवेपुरता एक झरोका राहिला, तोही डोक्याच्या वर.

जयंतीच्या संध्याकाळी शालूनं सवयीनं खालून हाक मारली, "मावशी, टोपली सोडा!" मग जीभ चावून ती फुलं घेऊन जिना चढली. बाई ओल्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. रिकामी टोपली मांडीवर होती. शालूनं तीत फुलं ओतली.

ढोल जवळ आले. अगदी भिंतीपलीकडे आले. आता थांबतील म्हणून बाईनं श्वास रोखला.

ढोल थांबले नाहीत. थांबायचं कुठं, ते खालच्यांना ओळखूच आलं नाही.

"गेली न वं मिरवनूक?" बाईनं विचारलं.

शालूनं मान डोलावली.

"पाडतो म्हनला असता, तर नाई म्हनलं असतं वं मी," बाई म्हणाली. "काढतो म्हनला तो."